चार घरांचं गाव आणि एक लाल रेघ

(कोजागिरीच्या मेळाव्यातलं भाषण. बोलण्याच्या ओघातली पाल्हाळ आणि फसलेले दोन विनोद काढून टाकले आहेत.)

नमस्कार मंडळी. अध्यक्षांनी बजावलंय, काय बोलायचं ते बोला, पण दूध आटायच्या आत आटपा. तेव्हा थेट मुद्द्यावर येतो. माझी 11 वर्षांची लेक गेले नऊ दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलते आहे आणि त्याला बालकवी जबाबदार आहेत. म्हणजे जबाबदार मीच आहे, पण सुरुवात त्यांच्यापासून करू.

आपल्या रविवारच्या वर्गात मोठ्या गटाला मी शिकवतो. (मागे कोण हसलं? दुसरं कुणी तयार झालं नाही, म्हणून मी.) या वेळी बालकवींची 'औदुंबर' ही कविता घेतली. आठच ओळी, म्हटलं पोरांना झेपतील. घरी सोडवायला प्रश्न दिला, 'कवीला काय काय दिसते?' उत्तर तुम्हालाही पाठ असेल. झरा, गाव, टेकडी, शेतमळे, पायवाट, डोह, झाड. कवीने निसर्गाचे मनोहारी चित्र रेखाटले आहे. दोन गुण.

लेकीने लिहिलं होतं, 'गाव दिसतं, पण माणसं दिसत नाहीत. माणसं कुठे गेली?'

मी त्यावर लाल रेघ मारली आणि खाली शेरा दिला, 'प्रश्नाचे उत्तर प्रश्नाने देऊ नये.' तेव्हा स्वतःवर फार खूश होतो मी. संध्याकाळी घरात जे झालं ते सगळं इथे सांगण्यासारखं नाही. लेक दार आपटून खोलीत गेली आणि बायको कढईवरची नजर न हलवता म्हणाली, "बरं, मग तू सांग. कुठे गेली?"

रात्री पुस्तक काढून बसलो. खरं सांगायचं तर शाळेत ही कविता मी गाइडातून शिकलो. मूळ कविता वाचायची वेळच आली नाही. गुण मात्र चांगले पडले होते.

आणि बघतो तर पोरगी बरोबर! चार घरं आहेत, दारात कुणी नाही. 'हिरवी गर्दी' आहे, पण ती शेतमळ्यांची. पायवाट आहे. आता पायवाट काही आपोआप पडत नाही. शेकडो वेळा त्याच जागी पाऊल पडावं लागतं, तेव्हा गवत हटतं. पण कवितेत चालतंय कोण? वाटच. 'हिरव्या कुरणांमधुनि चालली काळ्या डोहाकडे.' चालायचं काम वाटेला दिलंय, पाण्यात पाय सोडून बसायचं झाडाला. माणसाला कामच ठेवलेलं नाही.

मग रंग बघत गेलो. पहिल्या सहा ओळींत हिरवा तीनदा येतो, सोबत निळासावळा, पांढरा. सहाव्या ओळीच्या शेवटी काळा डोह आला की हिरवा जो जातो तो परत येतच नाही. मधल्या चार ओळी मोठ्याने म्हणून बघा. टेकडीकडे, पुढे, पडे, डोहाकडे. पायऱ्या उतरतोय असं वाटतं की नाही? सुरुवातीला झरा 'वाहतो', शेवटी झाड 'बसला'. आणि तो 'गोड काळिमा'! आपल्याकडे काळिमा घराण्याच्या नावाला लागतो. या माणसाने तो गोड करून पाण्यावर पसरलाय. गोड आहे, तर मग पोटात गोळा का येतो?

शेवटच्या झाडावरून जाणकार कधीचे भांडताहेत. कुणाला तिथे ध्यानस्थ योगी दिसतो. मला नाही दिसत. योगी मांडी घालून बसतो. पाण्यात पाय टाकून बसतो तो घरी जायचं नसलेला माणूस.

आता तुमची थोडी खरडपट्टी, माझ्यासकट. दोन महिन्यांपूर्वी याच स्टेजवर आपण 'श्रावणमासी हर्ष मानसी' केलं. पोरी हिरव्या साड्यांत, तिसऱ्या कडव्याला स्पीकर बंद, तरी टाळ्या. पुढच्या वेळी 'आनंदी आनंद गडे' होईल. 'कोठुनि येते मला कळेना, उदासीनता ही हृदयाला' हेही त्याच हाताने लिहिलंय, पण ते आपण कधी बसवलं नाही. पत्रिकेत शोभत नाही ना! पोरांना आपण हर्ष मानसीवालाच महाराष्ट्र देतो, ढोल-ताशासकट. आणि एखादीला रिकामं गाव दिसलंच, तर आपल्याकडे लाल पेन आहे.

मी भुसावळचा. कॉलेजसाठी तीन वर्षं जळगावला अप-डाऊन केलं. मधे भादली लागतं. 1907 साली जळगावच्या कविसंमेलनात ज्या धरणगावच्या पोराला 'बालकवी' म्हणून गौरवलं, तो 5 मे 1918 ला या भादलीजवळ रुळांवर गेला. वयाची 28 पूर्ण व्हायची होती. भादली आलं की मी काय बघायचो? मागची मेल पास करायला आमची पॅसेंजर किती वेळ रखडवणार, एवढंच.

परवा भावाने व्हिडिओ कॉलवर आमची गल्ली दाखवली. लेक शेजारीच होती, कामापुरतं बोलायच्या अटीवर. भाऊ चालत चालत सांगत होता, हे कुलकर्ण्यांचं, पोरं पुण्याला. हे पाटलांचं, बेंगळुरूला. एका ओसरीत जुना पाळणा तसाच लटकत होता, कडीला गंज. मग आमचं दार आलं. तिथे तो काहीच बोलला नाही, फोन दुसरीकडे वळवला. लेकीने एकदा माझ्याकडे बघितलं आणि उठून गेली.

त्या कागदावरच्या रेघेला मी पांढरी शाई लावली आणि तिला परत दिला. तिने तो उजेडात धरला. लाल रेघ मागून दिसतेच आहे. म्हणाली, "आता उत्तर तूच लिही." सध्या तो फ्रीजवर चिकटवलाय. उत्तरासाठी मीच दोन ओळी सोडल्या होत्या, त्या तशाच कोऱ्या आहेत. रविवारी पुन्हा वर्ग आहे आणि ती येणार की नाही, ते तिने सांगितलेलं नाही.

अध्यक्ष हातवारे करताहेत, दूध आटलं वाटतं. कुणाला काही सुचलं तर रांगेत सांगा. मी शेवटी उभा असेन.