दुधीची चकती

नमस्कार श्रोतेहो.

नाशिकमधल्या एका वाचनालयाच्या देवघेवीच्या टेबलावर मी २८ वर्षं काम केलं. परत आलेलं पुस्तक कपाटात लावण्याआधी एकदा पानं चाळायची सवय लागते. पान फाटलंय का, कुणाचं लाइटबिल आत राहिलंय का, हे बघायला. आरोग्याच्या पुस्तकांत मला एक गोष्ट हटकून दिसायची. काढे, रस, कोशिंबिरी या पानांवर हळदीची बोटं उमटलेली, तेलाचे डाग पडलेले. आणि व्यायामाचं प्रकरण? कोरं करकरीत. झोपेचं तर कुणी उघडलेलंसुद्धा नसायचं.

साठी उलटली की माणसं ही पुस्तकं मनापासून मागतात, आणि मागावीत. आपल्या गावाला १८४० पासूनचं सार्वजनिक वाचनालय आहे, ग्रंथपेट्या घरोघरी फिरवणारं हे गाव आहे, पुस्तकांना इथे तोटा नाही. पण ती वाचायची कशी, त्याबद्दल आज बोलायचंय. मला सांगायचंय ते एवढंच: आरोग्याचं पुस्तक मोठ्याने वाचा, आणि घरातल्या दुसऱ्या माणसाला ऐकवत वाचा. पुन्हा सांगते. मोठ्याने, आणि दुसऱ्याला ऐकवत.

हे मला शिकवलं आमच्या मामींनी. त्यांना विचारूनच सांगतेय.

मामा नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेले, तेव्हा ७१ वर्षांचे. राहायला पंचवटीत. शिस्तीचा माणूस, एकदा ठरवलं की ठरवलं. त्यांनी माझ्याच टेबलावरून एक जाडजूड पुस्तक नेलं. म्हातारपण निरोगी कसं जाईल, शरीर, मन, आहार, झोप सगळ्याचा एकत्र विचार कसा करायचा, असं ते पुस्तक. त्यात सकाळी उपाशीपोटी पेलाभर दुधीचा रस घ्यायला सांगितलं होतं. मामांनी दुसऱ्या दिवसापासून सुरू केलं. मनातल्या मनात वाचलं, खूण घातली आणि सुरू केलं.

कार्तिकाचे दिवस होते. मामी पहाटेच काळारामाला काकडआरतीला जायच्या. त्यामुळे साडेपाचला स्वयंपाकघर मामांच्या ताब्यात. दुधी सोलायचा, फोडी मिक्सरला लावायच्या, गाळायचं, जिरेपूड, सैंधव, आणि पेला तोंडाला. दहा-बारा दिवस उत्तम गेले. चेहऱ्यावर तजेला आलाय असं शेजारीसुद्धा म्हणायला लागले.

आता बघा, मामी दुधी चिरायला घेतात तेव्हा आधी देठाकडची एक पातळ चकती कापतात आणि जिभेला लावतात. तुम्हीही लावता. काकडी कुणी चव न घेता किसत नाही, तसंच हे. आईने सांगितलेलं असतं, हाताला सवय झालेली असते, मुद्दाम आठवावं लागत नाही. पण मामांनी उभ्या आयुष्यात दुधी चिरला नव्हता. आणि पुस्तकात चकतीचं नावही नव्हतं. लिहिणाऱ्याला वाटलं असेल, हे काय सांगायला हवं?

त्या दिवशीचा दुधी कडू निघाला. पहिल्याच घोटाला मामांना कळलं. पण त्यांच्या मनात आलं, गुणाचं औषध कडूच असतं. सगळा पेला संपवला.

मामी साडेसहाला लोणी-साखरेचा प्रसाद घेऊन परत आल्या, तर मामा न्हाणीघराच्या भिंतीला टेकून बसलेले. कपाळावर घाम, पोट दोन्ही हातांनी आवळून धरलेलं, उलट्या थांबत नव्हत्या. मामींनी काय खाल्लं, कधी खाल्लं असलं काही विचारलं नाही. सरळ ओट्याशी गेल्या. गाळणीत चोथा तसाच होता. त्यातला कण बोटाने जिभेला लावला आणि लगेच थुंकून टाकला. मग शेजारच्या मुलाला रिक्षा आणायला पिटाळलं, आणि उरलेला अर्धा दुधी पिशवीत घातला. श्रोतेहो, तो दुधी त्या दवाखान्यात घेऊन गेल्या! डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "हा कडू आहे, ह्याचा रस प्यायलेत, तासाभरापूर्वी." डॉक्टरांना शोधाशोध करावी लागली नाही. रक्तदाब खूप उतरला होता. तीन दिवस सलाइन लागलं, पण मामा घरी आले.

दुधी, काकडी, दोडका ही एकाच कुळातली भाजी. तिच्यात कुकुरबिटासिन नावाची द्रव्यं असतात. एरवी ती नगण्य असतात, पण एखाद्या फळात वाढली की ते फळ कडू होतं आणि कडू झालं की विषारी असतं. शिजवूनही ते जात नाही. त्यावर उतारा म्हणून वेगळं औषध नाही, लक्षणांवरच उपचार करावे लागतात. रस कडू लागला तर पिऊ नका, हे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या तज्ज्ञांनीही सांगून ठेवलंय. पहिला घोट कडू लागला की थुंका. पोटात गेलाच असेल आणि उलटी, पोटदुखी सुरू झाली, तर घरगुती उपाय करत बसू नका, दवाखाना गाठा. परत सांगते: कडू दुधी टाकून द्यायचा. रसालाही नाही, भाजीलाही नाही.

मामा घरी आल्यावर मला वाटलं, आता हे पुस्तक रद्दीतच जाणार. मामींनी ते बंद केलं नाही. दिवेलागणीनंतर त्या पुस्तक मोठ्याने वाचायला लागल्या. मामा ऐकायचे. दर पानाला मामी थांबायच्या आणि तीन प्रश्न विचारायच्या: किती? कुणी? कशाबरोबर? उत्तर पुस्तकात नसलं की कॅलेंडरच्या जुन्या पानाची चिठ्ठी लिहून तिथे घालायची. कारल्याचा रस होता, तिथे चिठ्ठी: "शुगरच्या गोळीबरोबर चालेल?" महिन्याच्या तपासणीला त्या सगळ्या चिठ्ठ्या डॉक्टरांपुढे. डॉक्टर म्हणाले, दोन्ही एकदम घेतलं तर साखर फार खाली येऊ शकते, नको. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असलेल्यांनी तर पुस्तकातलं काहीही नव्याने सुरू करण्याआधी विचारायलाच हवं.

बरं, अक्षरांबद्दलही बोलायचंय. म्हाताऱ्यांसाठी म्हणून छापतात आणि अक्षर मुंगीएवढं! प्रकाशकांनी ही पुस्तकं मोठ्या टायपातच काढावीत. आणि सत्काराला शाल-श्रीफळ देण्यापेक्षा असं एक मोठ्या अक्षरांचं पुस्तक द्या. घराघरांत शालींनी कपाटं भरलीत.

मोठ्याने वाचल्यामुळे आणखी एक झालं. कोरी पानं वाचली गेली. डोळे पान उलटून पुढे जातात, पण ऐकवायला बसलं की मधलं गाळता येत नाही. व्यायामाचं प्रकरण आलं. आयुर्वेदाचे जुने आचार्य वाग्भट, त्यांचा दाखला होता, बलवान माणसानेसुद्धा व्यायाम अर्ध्या शक्तीनेच करावा. मामींना ते फार पटलं. आणि तिशीनंतर स्नायू हळूहळू झिजत जातात, साठीनंतर जास्तच, म्हणून नुसतं गोदापार्कवर फिरून भागत नाही, पायांना जोर द्यावा लागतो, तोलही सांभाळायला शिकावं लागतं, हेही होतं. जागतिक आरोग्य संघटना ६५ च्या पुढच्यांना आठवड्याला किमान १५० मिनिटं चालण्यासारखी हालचाल सांगते, दोन दिवस ताकदीचा व्यायाम आणि तीन दिवस तोलाचा.

त्यातलं खुर्चीचं सांगते, घरी करता येईल. भिंतीला टेकवलेली, न सरकणारी खुर्ची. हात छातीवर आडवे. ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून परत बसता येतं ते मोजायचं. सत्तर ते चौऱ्याहत्तरच्या पुरुषाला १२ च्या खाली आलं तर पाय कमजोर समजतात. गुडघे फार दुखत असतील, चक्कर येत असेल तर डॉक्टरांना विचारून, आणि जवळ कुणीतरी हवंच. मामी घड्याळ घेऊन उभ्या राहिल्या. मामांचे ८ झाले. संक्रांतीपर्यंत रोज थोडं थोडं करून १२ झाले. हे बसके सोफे मात्र घरातून काढा हो. त्यातून उठताना तिशीतला माणूससुद्धा हात टेकतो.

पुस्तक माझ्याकडे परत आलं ते तीन महिन्यांनी. मामींनी दंडाचे पैसे मोजून दिले. मी सवयीने पानं चाळली. चिठ्ठ्या सगळ्या काढून घेतल्या होत्या, एक सोडून. दुधीच्या रसाच्या पानावर, कॅलेंडरच्या चतकोर तुकड्यावर, मामींच्या गोल अक्षरात: "आधी देठाकडची चकती जिभेला लावा." म्हटलं, मामी, ही राहिली. तर म्हणाल्या, "राहिली नाही, ठेवलीय."

मी ती डिंकाने पक्की चिकटवली आणि पुस्तक कपाटात लावलं.

नमस्कार.