नोंद चुकू नये म्हणून

(दृश्य: सकाळची वेळ. तलावाच्या मध्यावर नांगरलेली होडी. होडीत दोघं.)

दोराच्या टोकाला काळ्या-पांढऱ्या रंगाची तबकडी आहे. पाणी किती नितळ आहे हे मोजायची ही सेक्की तबकडी १८६५ सालापासून वापरात आहे आणि आजही तिचं काम तसंच चालतं. ती हळूहळू खाली सोडायची, दिसेनाशी झाली की दोरावरची खूण वाचायची. मग वर ओढायची आणि पुन्हा दिसू लागली की परत वाचायची. दोन्हींची सरासरी वहीत लिहायची, तीही पेन्सिलीनं, कारण भिजलेल्या पानावर शाई पसरते.

"मॅडम, मला अजून दिसतेय."

"मला नाही दिसत. तू तुझा आकडा वेगळा लिही."

दोघांच्या आकड्यांत दहा सेंटिमीटरचा फरक पडलाय. मॅडम पुढच्या वर्षी निवृत्त होतील आणि वही या मुलाच्या हाती येईल. त्या मार्चमध्ये गेल्या असत्या आणि हा जूनमध्ये रुजू झाला असता, तर हे दहा सेंटिमीटर तलावाच्या खात्यावर जमा झाले असते. पाणी बदललं, असं आपण म्हणालो असतो. बदलले असते फक्त डोळे. म्हणून जुन्या आणि नव्या माणसानं काही काळ सोबत मोजणं ही चैन नाही, तो मोजमापाचाच भाग आहे. तरी काटकसर सुरू झाली की पहिली कात्री या दुहेरी पगारावर चालते, याचं फार वाईट वाटतं.

(दृश्य: डोंगरमाथ्यावरची वेधशाळा, वर जाणारा आलेख.)

हवाई बेटावरच्या मौना लोआ पर्वतावर चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांनी मार्च १९५८ मध्ये हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायला सुरुवात केली. तेव्हा दर दहा लाख भागांत तो सुमारे ३१३ भाग होता. आज ४२० च्या वर आहे. या प्रसिद्ध आलेखात १९६४ च्या सुरुवातीला एक छोटी फट दिसते. पैशाला कात्री लागली आणि नोंदी थांबल्या, ती ही जागा. ते दिवस पुन्हा मोजता येत नाहीत. २००५ साली कीलिंग गेले आणि त्यांचे चिरंजीव राल्फ, जे स्वतः शास्त्रज्ञ आहेत, त्यांनी हे काम पुढे चालवलं. पण प्रत्येक नोंदवहीला असा घरचा वारस कुठून मिळणार?

अंटार्क्टिकातल्या हॅली केंद्राची गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. तिथले निरीक्षक एक-दोन हिवाळे काढून परतायचे आणि नवी तुकडी यायची. तरीही ओझोनच्या नोंदी १९५० च्या दशकापासून एकाच पद्धतीनं होत राहिल्या. त्या सलग आकड्यांच्या बळावर १९८५ मध्ये शास्त्रज्ञ जो फार्मन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी ओझोनचा थर वसंतात विरळ होतोय, हे जगाला दाखवून दिलं. माणसं बदलत राहिली, पण शिस्त हातातून हातात गेली.

ही शिस्त पुस्तिकेत लिहून ठेवावी लागतेच. पण सगळं कागदावर उतरत नाही. पर्जन्यमापकाशेजारचं झाड दहा वर्षांत वाढलं आणि पावसाच्या आड येऊ लागलं, हे रोज तिथे जाणाऱ्याला ठाऊक असतं. तो तीन वर्षांच्या कंत्राटावर असेल, तर ही माहिती त्याच्यासोबत निघून जाते.

(दृश्य: मालवाहू जहाज. मागे दोरानं ओढलं जाणारं धातूचं यंत्र.)

काही नोंदी तर पगारी माणसांवर चालतच नाहीत. समुद्रातले सूक्ष्म जीव टिपणारं हे यंत्र १९३१ पासून व्यापारी जहाजांच्या मागे ओढलं जातंय. आत रेशमी जाळी पुढे सरकत राहते आणि प्लवक तिच्यावर अडकतात. यंत्र पाण्यात सोडायचं आणि वर घ्यायचं काम खलाशी करतात. खलाशांशी नातं तुटलं की त्या मार्गाची नोंद तुटली. उत्तर अमेरिकेतली नाताळातली पक्षीगणना १९०० साली २७ जणांनी सुरू केली. आज हजारो लोक दरवर्षी दुर्बिणी घेऊन बाहेर पडतात.

म्हणूनच लोकसंपर्क म्हणजे शेवटी उरलेल्या पैशात छापलेलं पत्रक, हे मला पटत नाही. ज्याच्या शेतात भूजलाची पातळी मोजायची आपली नळी रोवली आहे, त्याला वर्षाकाठी तिथल्या पाण्याचा आकडा त्याच्या भाषेत, त्याच्या ओट्यावर बसून सांगायला हवा. विहिरीचं पाणी खोल गेलं असेल तर तेही सांगायला हवं. आकडा परत मिळाला, की तोच माणूस नळीची राखण करतो, गुरं तिच्याजवळ जाऊ देत नाही आणि काही बिघडलं तर फोन करतो. हे बोलणं करायला माणूस लागतो, त्याचे दिवस लागतात. त्याची जागा पहिल्याच अंदाजपत्रकात धरायला हवी.

(दृश्य: पुन्हा होडी.)

वहीच्या पानावर दोन रकाने आखलेत. डावीकडे मॅडमची अक्षरं, उजवीकडे त्याची. अजून वर्षभर दर पंधरवड्याला दोघं इथे येणार आहेत. तो तबकडी पुसतो, दोराच्या खुणा एकदा टेपनं ताडून बघतो आणि नांगर उचलतो.

"पुढच्या जागेवर तू आधी वाच," मॅडम म्हणतात. "मी तोवर बघत नाही."