फॉरवर्ड करण्याआधी, नोटीस आल्यानंतर

नमस्कार मंडळी.

परदेशात राहणाऱ्या, इथे बसलेल्या बहुतेकांच्या फोनमध्ये नागपूरच्या धरमपेठ, महाल किंवा प्रतापनगरचा एखादा ग्रुप आहे: घरचा, सोसायटीचा, शाळेच्या बॅचचा. आपण लिहितो इथून, वाचतात नागपुरात, आणि तक्रार झालीच तर तीही तिथल्याच पोलीस ठाण्यात होते. त्यामुळे अभिव्यक्तिस्वातंत्र्याबद्दल मी आज त्या ग्रुपपुरतंच बोलेन.

संविधानाच्या १९व्या कलमात बोलण्याचं स्वातंत्र्य आहे आणि त्यावर निर्बंध कोणत्या कारणांनी घालता येतात, त्याची यादीही आहे. देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था, बदनामी, न्यायालयाचा अवमान, गुन्ह्याला चिथावणी अशी ती मोजकी कारणं. कुणाला तरी राग आला, एवढं कारण त्या यादीत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६अ कलमात मात्र ‘त्रासदायक’ मजकुरालाही तीन वर्षांची कैद होती. २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरच्या एका पोस्टमुळे अटक झाली, देशभर ओरड झाली आणि २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कलमच रद्द केलं. तरीही ठाण्यांमध्ये ते लावलं जात राहिलं. ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायालयाला पुन्हा बजावावं लागलं. एफआयआरमध्ये ६६अ दिसलं, तर वकिलाला पहिल्यांदा तेच दाखवा.

आता नागपूरकरांनी अभिमानाने सांगावं असं काही. शब्दांचा परिणाम कुणाच्या नजरेने मोजायचा, याचा आज देशभर वापरला जाणारा निकष सिव्हिल लाइन्समधल्या तेव्हाच्या नागपूर उच्च न्यायालयात ठरला. भगवती चरण शुक्ल विरुद्ध मध्य प्रांत व वऱ्हाड सरकार या प्रकरणात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी सांगितलं की नजर समंजस, खंबीर, धीट माणसाची हवी. डळमळीत मनाच्या किंवा प्रत्येक विरोधी मतात धोका हुंगणाऱ्या माणसाची नको. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावरचा हा निकाल. मार्च २०२४ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका प्राध्यापकांवरचा, व्हॉट्सअॅप स्टेटसमुळे झालेला गुन्हा सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला, तेव्हा हाच निकष लावला. मार्च २०२५ मध्ये खासदार इम्रान प्रतापगढी यांच्या कवितेच्या प्रकरणातही तोच लावला. छापील मजकुरासाठी तयार झालेलं माप मोबाइलच्या पडद्यालाही तंतोतंत बसतं, कारण दोन्हीकडे प्रश्न वाचणाऱ्याच्या मनाचाच आहे.

ग्रुप अॅडमिन घाबरून असतात, त्यांच्यासाठी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा मार्च २०२१ चा निकाल आहे. प्रकरण गोंदिया जिल्ह्यातलं. सभासदाने टाकलेल्या मजकुराबद्दल अॅडमिनला गुन्हेगार धरता येत नाही, कारण मजकूर पडण्याआधी तो तपासण्याची सोय त्याच्याकडे नसते. दोघांचं आधी संगनमत असेल, तर गोष्ट वेगळी. पण याच खंडपीठाने २०२३ मध्ये एका व्हॉट्सअॅप स्टेटसबद्दलचा गुन्हा रद्द करायला नकारही दिला आहे. स्टेटस आपल्याच खात्यावर असलं, तरी ते लोकांनी पाहावं म्हणूनच ठेवलेलं असतं, असं न्यायालयाने म्हटलं. तेव्हा ‘मी फक्त स्टेटसला ठेवलं होतं’ हा बचाव टिकणार नाही.

१७ मार्च २०२५ च्या संध्याकाळी महालात जी दंगल उसळली, ती आपण सगळ्यांनी इथून फोनवर पाहिली. अकरा ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी लागली आणि फोनमधून अफवा फिरत राहिल्या. अशा रात्री इथून पाठवलेला एक जुना व्हिडिओ तिथल्या गल्लीत आजचा होऊन पोहोचतो. संदेशावर दुहेरी बाण दिसला, तर तो किमान पाच हातांतून फिरून आलेला असतो, म्हणून व्हॉट्सअॅप तो एका वेळी एकाच चॅटला पाठवू देतं. त्या खुणेपाशी थांबा आणि जागा, तारीख, मूळ कुणाचं, ही तीन उत्तरं मिळाल्याशिवाय पुढे पाठवू नका. अॅडमिनने अशा दिवशी ‘फक्त अॅडमिन संदेश पाठवू शकतात’ ही सेटिंग चालू करावी आणि शंकास्पद मजकूर सर्वांसाठी डिलीट करावा. कायद्याने त्याला तसं बांधलेलं नाही, पण माणुसकीने बांधलेलं आहे, असं मला वाटतं.

तरीही नोटीस आली, तर? द्वेष पसरवणे, धार्मिक भावना दुखावणे, अफवा पसरवणे ही कलमं म्हणजे भारतीय न्याय संहितेची १९६, २९९ आणि ३५३. शिक्षा साधारण तीन वर्षांपर्यंत. अशा गुन्ह्यात नागरिक सुरक्षा संहितेच्या (म्हणजे पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम १७३(३) प्रमाणे पोलीस आधी चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करू शकतात, आणि बोलण्या-लिहिण्याच्या प्रकरणात ती करणंच योग्य, असं प्रतापगढी निकालात म्हटलं आहे. वकिलाने पहिल्याच भेटीत हे लेखी मागावं. त्याच संहितेच्या कलम ३५(३) ची हजर राहण्याची नोटीस मिळाली, तर त्या तारखेला जाच. जो जातो त्याला लेखी कारण नोंदवल्याशिवाय अटक करता येत नाही. ही नोटीस व्हॉट्सअॅपवर बजावता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये स्पष्ट केलंय. घरच्या म्हाताऱ्या माणसांना हे आजच फोन करून सांगा, कारण फोनवर पोलीस असल्याचं भासवून ‘डिजिटल अटक’ करणारे भामटे नेमक्या त्याच वाटेने येतात.

सगळ्यात जास्त चूक होते ती घाबरून फोन फॉरमॅट करण्यात. त्याने आपला बचावही पुसला जातो आणि पुरावा नष्ट केल्याचा आळ वेगळा येतो. फोन जसा आहे तसा ठेवा, चॅट एक्सपोर्ट करा, मागचा-पुढचा संवाद दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या. न्यायालयात ते चालायला साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाइलचं हॅश मूल्य, म्हणजे फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा डिजिटल ठसा, भरावं लागतं.

ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं कार्ड, असलेल्यांनी एक ध्यानात ठेवावं. १९वं कलम फक्त भारतीय नागरिकांसाठी आहे. तुम्हाला समानता आणि जीविताचं संरक्षण मिळतं, हे स्वातंत्र्य मिळत नाही. शिवाय नागरिकत्व कायद्याच्या कलम ७ड खाली कार्ड रद्दही होऊ शकतं, अर्थात म्हणणं ऐकून घेतल्यावरच. भारतीय पासपोर्ट असलेल्यांना परदेशातून लिहिलेल्यालाही न्याय संहिता लागू होते, पण गुन्हा परदेशात घडल्याचं धरलं, तर केंद्र सरकारच्या मंजुरीशिवाय खटला चालत नाही.

आणि नागपुरात आपल्या नावाने गुन्हा दाखल झाला का, हे कळायला कुणाला ठाण्यात पाठवायची गरज नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निकालाप्रमाणे संवेदनशील गुन्हे सोडून प्रत्येक एफआयआर चोवीस तासांत पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकावाच लागतो. जिल्हा, ठाणं आणि तारीख निवडून तो इथूनही वाचता येतो.