मुठेल आणि ओलसर अंग

[दृश्य: गोव्यातला पेडणे तालुका, घराचं मागीलदार, आडोळी (नारळ खवायची विळी)]

आजींचा हात बघा. पांढरं खोबरं संपलं की नारळ आपोआप फिरतो, काळपट साल किसात येत नाही.

हा कीस पाट्यावर वाटायचा, कोमट पाणी घालून पंच्यातून पिळायचा. पहिलं दूध दाट, दुसरं पातळ. दोन्ही एकाच कढईत, चुलीवर.

[दृश्य: कढई, जवळून]

आधी दूध फुटतं. मग पाणी आटत जातं, तडतड सुरू होते. आजी कढईत बघतात कमी, ऐकतात जास्त. तडतड थांबली म्हणजे पाणी गेलं. तळाचा साका तांबूस झाला की कढई लगेच खाली, नाहीतर तेलाला करपट वास लागतो. मुठीत पिळून काढायचं, म्हणून हे मुठेल. दुकानातली बाटली यापुढे आम्हाला तरी फिकी वाटते.

[दृश्य: गोठलेली बाटली]

पौषातली पहाट. पारा 24 अंशांच्या खाली आला की खोबरेल थिजतं. त्यात खोट काही नाही, बाटली कोमट पाण्यात ठेवा.

[दृश्य: न्हाणी, नातवाची आंघोळ]

पाणी कढत नाही, कोमट. पंचा अंगावर घासलेला नाही, नुसता टिपलाय. आणि अंग ओलसर असतानाच तेल. तेल त्वचेला पाणी देत नाही, असलेलं उडून जाऊ देत नाही. त्यामुळे कोरड्या अंगावर तासाभराने चोळलं तर निम्मा उपयोग गेला.

साबण कुठे लावलाय तेही बघा: काखा, जांघा, पाय. बस. निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी, तिचा पीएच 5 च्या आसपास. नेहमीच्या साबणवडीचा 9 ते 10. रोज सर्वांगाला फेस काढला की त्वचेची स्वतःची तेलकट साय धुऊन जाते आणि खाज सुटते. सुगंधी साबणाने तर काहींची जास्तच.

मुरमं येणाऱ्या चेहऱ्यावर मात्र खोबरेल नको. उन्हासाठीही ते पुरत नाही, तिथे टोपी, लांब बाह्या आणि एसपीएफ 30 चं सनस्क्रीन.

[दृश्य: आषाढ, लावणी, चिखलातले पाय]

या बायका शेतात उतरण्याआधी हातापायांना तेल चोळतात. तरी दिवसभर पाण्यात राहून बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, बुरशीचे नायटे उठतात. त्यावर कुणी सांगितलेलं स्टिरॉइडचं मलम लावलं तर खाज दबते आणि बुरशी पसरते. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

[दृश्य: तिन्हीसांज, पडवी, पाय धुणं]

स्वच्छ पाणी. मग जुन्या लुगड्याचा सुका तुकडा, एकेका बेचक्यात फिरवलेला. तिथे तेल नाही, ओल कोंडते. तेल फक्त टाचांना.