थंड इंजिन, जाड वही

माझी पहिली जुनी गाडी मी संध्याकाळी, भुरभुर पाऊस चालू असताना आणि इंजिन गरम असताना घेतली. एका वाक्यात तीन चुका झाल्या, त्या आधी मोजून टाकतो. संध्याकाळच्या उजेडात दोन दरवाजांच्या रंगातला फरक कळत नाही. ओला पत्रा चमकतो, त्यावर ओरखडा दिसत नाही आणि नवा रंगही दिसत नाही. आणि गरम इंजिन लबाड असतं. रात्रभर उभं राहिल्यावर सकाळी जे दुखणं बाहेर येतं, ते गरम इंजिन पोटात ठेवतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सेल्फ मारला आणि मागून निळसर धुराचा लोट निघाला. व्हॉल्व्हचे सील गेले होते. रात्रभर थेंब थेंब ऑइल सिलिंडरमध्ये उतरायचं आणि सकाळी जळायचं. मिनिटभरात धूर गायब! विकणाऱ्याने मला संध्याकाळी का बोलावलं होतं, ते तेव्हा समजलं.

त्या माणसाला मी लबाड म्हणत नाही. त्याला गाडी ठाऊक होती, मला नव्हती, इतकंच. या 'इतकंच'वर जॉर्ज अ‍ॅकरलॉफ नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली एक निबंध लिहिला. उदाहरण जुन्या गाड्यांच्या बाजाराचंच होतं. आधी तीन नियतकालिकांनी तो परत पाठवला होता, आणि २००१ साली याच कामासाठी त्यांना आणखी दोघा अर्थशास्त्रज्ञांसोबत नोबेल मिळालं. त्यांचं म्हणणं साध्या भाषेत असं. घेणाऱ्याला चांगली आणि वाईट गाडी वेगळी ओळखता येत नसेल, तर तो दोन्हींना मधलीच किंमत देतो. मग चांगल्या गाडीचा मालक म्हणतो, एवढ्याला मी कशाला विकू? तो बाजारातून निघून जातो आणि मागे उरतो तो गाळ. म्हणजे हातात पैसे कमी असले की आपण गाडी शोधत नसतो, माहिती शोधत असतो. आज मी जे काही सांगणार आहे ते सगळं ही माहिती फुकटात किंवा स्वस्तात कशी काढायची याबद्दल आहे.

आधी पैशाचं बोलू. लोक विचारतात, 'माझ्याकडे एवढे आहेत, एवढ्यात कोणती बसेल?' मी सांगतो, त्यातला चौथा हिस्सा आधी बाजूला काढा आणि उरलेल्यात गाडी शोधा. बाजूला काढलेला चौथा हिस्सा ही शिल्लक नव्हे, तो गाडीच्या किमतीतच धरायचा. कारण मागच्या मालकाने गाडी विकायचं ठरवलं, त्या दिवसापासून त्याने तिच्यावर खर्च करणं थांबवलेलं असतं. टायर झिजू दिले, ऑइल लांबवलं, ब्रेकचा आवाज ऐकून न ऐकल्यासारखं केलं. ते राहिलेलं बिल तुमच्या नावावर येतं, बहुतेक पहिल्या सहा महिन्यांत.

याच कारणासाठी जुनी आलिशान गाडी नको. विकत घेताना ती साध्या नव्या गाडीपेक्षाही स्वस्त पडते, पण तिच्या सुट्या भागांची किंमत गाडीबरोबर उतरत नाही. सस्पेन्शनचा एखादा पार्ट घ्यायला गेलात की कळतं, नाकापेक्षा मोती जड झाला. रस्त्यावर सगळ्यात जास्त दिसणारी, बघून कंटाळा येणारी गाडी घ्या. तिचे पार्ट सगळीकडे मिळतात आणि तिची दुखणी प्रत्येक मेकॅनिकला पाठ असतात. आणि रोजचा प्रवास चार-पाच किलोमीटरचाच असेल तर अलीकडच्या डिझेल गाडीच्या वाटेला जाऊ नका. तिच्या धुराच्या वाटेवर काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो नीट तापला तरच काजळी जळते, आणि छोट्या फेऱ्यांत तो तापतच नाही. मग तुंबतो, आणि तो बदलणं हे गरिबाचं काम नव्हे.

आता गाडी बघायला जाऊ. फोनवरच सांगायचं, 'मी येईपर्यंत गाडी चालू करू नका.' पोचल्यावर नमस्कार-चमत्कार होतात तेवढ्यात बॉनेटवर सहज हात ठेवायचा. कोमट लागलं तर चहाला थांबा, गप्पा मारा, इंजिन थंड होऊ द्या, नाहीतर दुसऱ्या दिवशी या. मग स्वतः मागे उभं राहून दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा म्हणजे इंधन जास्त जातंय. पांढरा धूर थंड सकाळी थोडा वेळ दिसला तर ती नुसती वाफ असते, पण इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येतच राहिला आणि त्याला गोडसर वास असला, तर कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, जळतंय. म्हणजे इंजिनाचा वरचा आणि खालचा भाग यांच्यामधलं सील, हेड गॅस्केट, गेलंय. तिथून सरळ घरी या.

इंजिन थंड असतानाच दोन झाकणं उघडा. ऑइलच्या झाकणाखाली दुधी, चिकट साय दिसली तर ऑइलमध्ये पाणी मिसळतंय. नुसत्या छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीतही झाकणाला थोडी साय धरते, म्हणून डिपस्टिकवरचं, म्हणजे ऑइल मोजायच्या सळईवरचं, ऑइल बघून खात्री करा. तिथेही दुधी असेल तर संपलं. ऑइल काळं आहे म्हणून मात्र घाबरू नका, डिझेल इंजिनात ते थोड्याच दिवसांत काळं होतं. दुसरं झाकण कूलंटचं. आत रंगीत, स्वच्छ कूलंट हवं. गंजाचं तांबूस पाणी असेल तर मालकाने वर्षानुवर्षं नळाचं पाणी ओतलंय, आणि इंजिनाच्या आतल्या वाटा बाहेरून दिसत नाहीत. गरम असताना ते झाकण कधीही उघडू नका. दाबाखालचं पाणी उसळून अंगावर येतं, हात भाजलेली माणसं मी पाहिली आहेत.

किलोमीटरचा आकडा हा पुरावा नव्हे, ती साक्ष आहे. साक्ष तपासायची असते. मीटर मागे फिरवता येतो, पण क्लचच्या पेडलवरचं झिजलेलं रबर, ड्रायव्हरच्या सीटची बसलेली कड आणि गुळगुळीत झालेलं स्टिअरिंग मागे फिरत नाही. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१९ असेल तर टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. आता विचार करा. गाडी २०१६ची, मीटर म्हणतो पंचवीस हजार, आणि चारही टायर २०१९चे. पंचवीस हजारांच्या आत चारही टायर का बदलावे लागले? उत्तर असूही शकतं. पण प्रश्न विचारा आणि समोरचा किती वेळ घेतो ते बघा.

तसंच काचांचं. काचेच्या कोपऱ्यात कंपनीची खूण आणि बनवल्याच्या काळाची खूण असते. सगळ्या काचा एकसारख्या आणि एकच वेगळी, तर त्या बाजूला काहीतरी झालंय. बॉनेट आणि पुढचे मडगार्ड ज्या बोल्टांनी धरलेले असतात त्यांच्या डोक्यावरचा रंग उडालाय का बघा, उडाला असेल तर पाना लागलाय. फडक्यात गुंडाळलेला छोटा लोहचुंबक पत्र्यावरून फिरवा. जिथे तो धरत नाही तिथे खाली पुट्टी आहे. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बाहेर काढा. आतल्या टोकाला चिखलाची रेघ दिसली तर ही गाडी पुरात बसली होती. आतून धुऊन, अत्तर मारून ठेवलेली गाडी म्हणजे वरून कीर्तन, आतून तमाशा. गालिचा उचला आणि सीटच्या रुळांवरचा गंज बघा, वास आपोआप येईल.

चालवून बघताना गाणी बंद, एसी बंद, बोलणंही बंद. मोकळ्या जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू चालवा. टक-टक आवाज आला तर पुढच्या अ‍ॅक्सलचे सांधे गेलेत. वरच्या गिअरमध्ये कमी वेगावर असताना अ‍ॅक्सिलरेटर दाबा. इंजिनाचा आवाज चढला आणि वेग चढला नाही, तर क्लच प्लेट संपली. मोकळा, सरळ रस्ता बघून जोरात ब्रेक मारा. गाडी एका बाजूला ओढते का, पेडल पायाखाली थरथरतं का, ते बघा.

आता डॅशबोर्ड. चावी फिरवल्यावर इंजिनाचा दिवा, एअरबॅगचा दिवा, ऑइलचा दिवा हे सगळे आधी लागले पाहिजेत आणि मग विझले पाहिजेत. एखादा लागतच नसेल तर तो कुणीतरी गप्प केलाय. अमेरिकेत १९९६पासूनच्या आणि युरोपात २००१पासूनच्या पेट्रोल गाड्यांना स्टिअरिंगखाली तपासणीचं सोळा पिनांचं सॉकेट असतं, आणि अलीकडच्या गाड्यांत ते जवळजवळ सगळीकडे मिळतं. त्यात लावायचं छोटं यंत्र आणि फोन पुरतो. गाडीने नोंदवलेले बिघाड ते कोडच्या रूपात दाखवतं, पण नुसतं 'कोड नाही' दिसलं म्हणून खूश होऊ नका. कोड पुसताही येतात. पुसल्यावर गाडीच्या स्वतःच्या चाचण्या पुन्हा पूर्ण व्हायला काही दिवस चालवावं लागतं. यंत्र म्हणालं की चाचण्या अपूर्ण आहेत, तर एकतर बॅटरी नुकतीच काढली होती किंवा तुम्ही येण्याआधी कुणीतरी कोड पुसले. दोन्ही वेळेला विचारायचंच.

आणि टायमिंग बेल्ट. यावर मी दरवेळी जास्त वेळ घेतो, कारण यात बुडालेले लोक मी सगळ्यात जास्त पाहिले. काही इंजिनांत साखळी असते, काहींत रबरी पट्टा. हा पट्टा पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांची लय जुळवून ठेवतो. अनेक इंजिनांत व्हॉल्व्ह खाली येतो आणि पिस्टन वर जातो ती जागा एकच असते, फक्त वेळ वेगळी. पट्टा तुटला की वेळ चुकते, पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो, व्हॉल्व्ह वाकतात आणि इंजिनाचं काम निघतं. पट्टा तुटण्याआधी बहुतेक वेळा काही सांगत नाही. कंपनीनुसार तो साधारण ६० हजार ते दीड लाख किलोमीटरला किंवा ठरावीक वर्षांनी बदलायचा असतो. न चालवलेल्या गाडीतही रबर म्हातारं होतंच. विकणारा म्हणाला, 'बदललाय,' तर बिल मागा. बिल नाही म्हणजे बदललेला नाही, असं धरून भाव करा. घेतल्यावर पहिल्या आठवड्यात बदला, आणि वॉटर पंप त्याच पट्ट्यावर फिरत असेल तर तोही त्याच वेळी. मजुरी एकदाच पडते.

घेतल्यानंतरचं गणित सोपं आहे, फक्त क्रम चुकवू नका. तुमचा जीव जाईल ते पहिलं, म्हणजे ब्रेक, टायर, स्टिअरिंग. इंजिनाचा जीव जाईल ते दुसरं, म्हणजे ऑइल, कूलंट, बेल्ट. रस्त्यात अडकवेल ते तिसरं. खिडकीचं बटण, टेप आणि रंग यांना वर्षभर हात लावू नका. मी याच्या बरोबर उलट क्रमाने केलं होतं. पहिल्या महिन्यात सीट कव्हर घातली.

ब्रेक ऑइलकडे कुणी बघत नाही. ते हवेतला ओलावा शोषतं, म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलायचं असतं. डॉट ४ प्रतीचं ऑइल कोरडं असताना किमान २३० अंशांना उकळतं, ओलावा धरल्यावर ती मर्यादा १५५ अंशांपर्यंत येऊ शकते. लांबच्या उतारावर ब्रेक तापले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, बुडबुडा दाबला जातो, आणि पेडल तळाला जातं. घाटात हे समजून उपयोग नसतो.

गाडी सकाळी चालू होत नाही म्हटलं की पहिली बॅटरीच बदलली जाते. व्होल्ट मोजणारा साधा मल्टिमीटर घ्या. रात्रभर उभ्या गाडीची चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. इंजिन चालू केल्यावर बहुतेक जुन्या गाड्यांत १३.८ ते १४.५ दिसायला हवेत. तेवढे दिसले नाहीत तर दोष अल्टरनेटरकडे, म्हणजे चालत्या इंजिनावर बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राकडे, असण्याची शक्यता जास्त, आणि नवी बॅटरीही महिन्यात झोपेल. 'हा पार्ट बदलून बघू' असं म्हणणाऱ्या मेकॅनिकचे प्रयोग आपल्या पैशाने चालतात. मोजून सांगणारा थोडा महाग असला तरी पुढे स्वस्त पडतो. इंजिनात ओतायच्या चमत्कारी बाटल्यांबद्दल विचारू नका, 'पी हळद नि हो गोरी'ला इंजिन भीक घालत नाही.

टायरमधली हवा आठवड्यातून एकदा, गाडी थंड असताना. आकडा ड्रायव्हरच्या दरवाजाच्या चौकटीवर चिकटवलेला असतो तो घ्यायचा. टायरवर छापलेला आकडा जास्तीत जास्त मर्यादेचा असतो, गाडीसाठीचा नव्हे.

आणि एक वही ठेवा. तारीख, किलोमीटर, काय बदललं, बिल चिकटवलेलं. एवढंच.

मध्यंतरी मी माझी गाडी विकली. घेणाऱ्या मुलीने बॉनेट उघडायच्या आधी वही मागितली. अर्धा तास वाचली. मग म्हणाली, 'काका, बेल्टची नोंद आहे, वॉटर पंपाची कुठे आहे?' पंप बदललाच नव्हता, तेव्हा पैसे वाचवले होते. तिने वही मिटली आणि पंपाचे पैसे किमतीतून वळते करून घेतले.