बगदाद सोडताना पन्नास दिनार

मंडळी, नमस्कार.

पुणेकरांना ससून रुग्णालय आणि कॅम्पातलं लाल देऊळ, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, कुठे आहे हे सांगायला नको. ज्यांच्या पैशातून दोन्ही उभी राहिली ते डेव्हिड ससून मूळचे बगदादचे ज्यू. तिथला सुभेदार दाऊद पाशा याच्या जाचातून निसटून ते १८३२ च्या सुमारास मुंबईला आले. मागे राहिलेल्या ज्यूंचंही पुढे बरं चाललं होतं. इराकचे पहिले अर्थमंत्री सासून एस्केल ज्यूच. बाजारपेठ, रेल्वेची कचेरी, रेडिओचा वाद्यवृंद, सगळीकडे ही माणसं.

जून १९४१ मध्ये बगदादेत दोन दिवस कत्तल आणि लूट झाली. तिला फरहूद म्हणतात. नाझीधार्जिणं रशीद अलीचं सरकार पडलं होतं, ब्रिटिश फौज शहराबाहेर थांबून राहिली. सुमारे १८० ज्यू मारले गेले. कित्येकांना मुसलमान शेजाऱ्यांनी घरात लपवून वाचवलं, हेही सांगायलाच हवं.

पण दंगल कधीतरी शमते. मला बोलायचंय ते नंतरच्या सरकारी कागदांबद्दल. १९४८ मध्ये झायोनिझम, म्हणजे ज्यूंचं स्वतंत्र राष्ट्र हवं ही चळवळ, हा गुन्हा ठरला. त्याच सप्टेंबरात शफीक अदस या बसऱ्याच्या बड्या व्यापाऱ्याला, इस्रायलला शस्त्रं विकल्याचा ठपका ठेवून, त्याच्याच बंगल्यासमोर फासावर चढवलं. ज्यूंच्या सरकारी नोकऱ्या गेल्या. मार्च १९५० मध्ये कायदा आला: जायचं असेल तर जा, नागरिकत्व सोडून. लाखाहून जास्त लोकांनी नावं नोंदवली. त्यांनी नावं दिल्यावर, मार्च १९५१ मध्ये, संसदेने गुप्त बैठकीत दुसरा कायदा केला आणि नागरिकत्व सोडलेल्यांची मालमत्ता गोठवली. मोठ्या माणसाला सोबत नेता येत होते ५० दिनार. इथे अमेरिकेत आपल्यातल्या कितीतरी जणांनी पासपोर्ट बदललाय, पण कोथरूडचा फ्लॅट कुणी सील केलेला नाही!

त्याच काळात, इस्रायलच्या स्थापनेच्या वेळी, पॅलेस्टिनींची घरंदारं गेली, तोही अन्यायच. मात्र त्याची वसुली बगदादच्या शिंप्याकडून का करायची, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

जे थोडे मागे राहिले, त्यांचे १९६७ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर फोनसुद्धा तोडले. २७ जानेवारी १९६९ रोजी हेरगिरीच्या आरोपावरून १४ जणांना फाशी झाली, त्यांत ९ ज्यू. प्रेतं चौकात टांगली आणि रेडिओवरून लोकांना बघायला बोलावलं.

२००३ मध्ये सद्दामच्या गुप्तचर खात्याच्या तळघरात, पाण्यात भिजलेली ज्यूंची धर्मपुस्तकं आणि त्यांच्या शाळांची कागदपत्रं अमेरिकी सैनिकांना सापडली. दुरुस्तीसाठी ती इकडे अमेरिकेत आणली. इराक म्हणतो, परत द्या. तिथून परागंदा झालेली कुटुंबं म्हणतात, ती आमची आहेत. मी कुटुंबांच्या बाजूचा. आजचं इराकी सरकार वेगळं आहे, मान्य. पण बगदादेत ती पुस्तकं उघडून वाचणारे ज्यू आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलेत. कुणाला वेगळं वाटत असेल तर चहाच्या वेळी वाद घालायला मी तयार आहे.