कारवीचं आठ वर्षांचं गणित

नमस्कार श्रोतेहो.

बोरिवली स्टेशनला पूर्वेकडे उतरलं, हायवे ओलांडला, की संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं फाटक. उद्यान म्हटलं की झोपाळे-घसरगुंड्या आठवतात, म्हणून आधीच सांगतो, हे सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं रान आहे. मुंबईला पाणी देणारे विहार आणि तुळशी हे तलाव याच्याच पोटात. विहार १८६० चा, तुळशी १८७९ चा. पाणलोट राखायचा म्हणून झाडं राहिली, आणि झाडं राहिली म्हणून बिबट्याही राहिला.

बिबट्याबद्दल सगळेच विचारतात. मला तो इतक्या वर्षांत एकदाही दिसलेला नाही. चिखलातला पंजा तेवढा दिसला. पाड्यांवरची वारली माणसं मात्र वाघोबाला पुजतात आणि अंधार पडायच्या आत घर गाठतात.

मार्चमध्ये या. कोशिंबाला लालबुंद पालवी फुटलेली असते. लांबून वाटतं, झाड फुललंय. कांडोळाचं पान न् पान गळून पांढरंफटक खोड उरतं. संध्याकाळी पाहा, मग त्याला भुताचं झाड का म्हणतात ते विचारावं लागणार नाही. मे सरता सरता नवरंग येतो. अंगावर इतके रंग, पण बसणार पाचोळ्यात, म्हणून आधी ऐकू येते त्याची दोन सुरांची शीळ. पावसाळ्यात अ‍ॅटलस पतंग निघतो, पंख पसरले की चांगला वीतभर. त्याला खायला तोंडच नसतं. सुरवंट असताना साठवलं त्यावर थोडे दिवस काढायचे, जोडीदार शोधायचा, संपलं.

पण मला खरी ओढ कारवीची. एरवी हिच्याकडे कोण बघतो? काड्या कुडाच्या भिंतींना उपयोगी, एवढीच ओळख. सात वर्षं नुसती पानं, आणि आठव्या पावसाळ्यात कान्हेरीच्या बाजूचे उतार जांभळे-निळे. २०१६ साली फुलली, मग २०२४ साली. मधमाश्यांची नुसती झुंबड. फुलं झाली की झुडूप वाळून मरतं. सुकलेली बोंडं मात्र काटक्यांवर तशीच धरलेली असतात, हिवाळाभर, उन्हाळाभर.

कशासाठी, ते पुढच्या जूनमध्ये कळतं. पहिल्या सरीनं बोंडं भिजतात आणि तडातड फुटतात. अंगावर रेनकोट असेल तर टोपी मागे सारून ऐका, लाह्या फुटल्यासारखा आवाज उतारभर चाललेला असतो. मेलेलं झुडूप बी फेकत असतं.

पुढचा बहर २०३२ चा. निघालात तर सोमवार तेवढा टाळा, सोमवारी फाटक बंद असतं.

नमस्कार.